दादर ते माटुंगा, व्हीलचेअरवरून: आधी ओलांडणी, मग वाट

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बाई. गुडघे गेलेले, घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. ढकलणारी लेक, तीही पन्नाशीची. जायचंय माटुंग्याला भांडारकर रोडवर. आधी आस्तिक समाजाच्या देवळापर्यंत, मग फुलं आणि केळीची पानं, जमलं तर इडली-कॉफी. टॅक्सीवाले इतक्या जवळचं भाडं सहसा घेत नाहीत. एखाद्याने घेतलं तरी डिकीत सीएनजीची टाकी असते, घडी केलेली खुर्ची तिथे मावत नाही. म्हणजे रस्त्यानेच जायचं. अशी घरं या भागात पुष्कळ आहेत, हे प्रकरण त्यांचा नमुना म्हणून घेतलं आहे.

अंतर फार नाही. हिंदू कॉलनीतून भांडारकर रोड सरळ वाटेने एक ते सव्वा किलोमीटर. जमीन सपाट, चढउतार जवळजवळ नाहीच. हा भाग आखून वसवलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालं. गर्दीच्या शहरातून माणसं बाहेर काढण्यासाठी त्यांनी दादर-माटुंग्याची योजना आखली. रुंद रस्ते, मोकळ्या बागा, बेताच्या उंचीच्या इमारती ही त्या योजनेची देणगी. त्यामुळे इथे अडचण ना चढाची आहे ना रुंदीची. अडचण तुटकपणाची आहे. फुटपाथ मधल्या भागात बरा असतो आणि टोकाशी दगा देतो.

वाटा तीन

दादरहून माटुंग्याला उत्तरेकडे जाणाऱ्या तीन वाटा एकमेकींना समांतर आहेत. रेल्वेच्या बाजूचा लखमसी नप्पू रोड, म्हणजे एल. एन. रोड, रुईया, पोदार आणि वेलिंगकर कॉलेजांवरून माटुंगा स्टेशनकडे जातो. मधला डॉ. आंबेडकर रोड हा मोठा रस्ता, खोदादाद सर्कलहून, म्हणजे दादर टीटीहून, माहेश्वरी उद्यानाकडे. (टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तरी थांब्याचं नाव तोंडातून गेलेलं नाही.) तिसरी वाट पूर्वेची: पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, पुढे व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या परिसरातून किंग्ज सर्कल.

कोणालाही विचारलं तर तिसरी सांगतील. सावली आहे, बाकं आहेत, गाड्या कमी. चालणाऱ्याला ती उत्तमच आहे. पण या प्रकरणात घर आंबेडकर रोडच्या पश्चिमेला आणि बाजारही पश्चिमेलाच. फाइव्ह गार्डन्स पूर्वेला. म्हणजे त्या सावलीसाठी आंबेडकर रोड दोनदा ओलांडायचा, जाताना एकदा आणि माटुंग्यात पोचल्यावर पुन्हा एकदा. त्याच वाटेने परतायचं तर चारदा. अंतरही दोन किलोमीटरच्या आसपास जातं. एल. एन. रोडला आंबेडकर रोड एकदाही ओलांडावा लागत नाही. गल्ल्यांची तोंडं लागतात, कॉलेजांच्या दाराशी दुचाकींचा गराडा लागतो, पण सहा पदरी रस्ता मध्ये येत नाही.

व्हीलचेअरची वाट ठरवताना नकाशावर आधी मोठ्या ओलांडण्यांना गोल करावेत आणि ज्या वाटेवर गोल कमीत कमी ती निवडावी. सावली, बाकं, दुकानं हे सगळं त्यानंतर. पायी माणसाची सवय उलटी असते. तो चांगला रस्ता निवडतो आणि ओलांडणी आली की कशीतरी उरकतो. खुर्चीला ‘कशीतरी’ जमत नाही.

घर पारशी कॉलनीत असतं तर उत्तर बदललं असतं. एकदा ओलांडणं अटळच, मग प्रश्न एवढाच की ते कुठल्या सिग्नलला.

ओलांडणीचा हिशोब

पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंदांचा असावा हे ठरवताना साधारण १.२ मीटर प्रतिसेकंद असा चालीचा वेग धरतात. रस्त्याच्या एका बाजूचे साडेतीन मीटरचे तीन पदर म्हणजे साडेदहा मीटर. या वेगाने नऊ सेकंदांत पार. आता पन्नाशीची बाई ६० किलोचं माणूस आणि १७-१८ किलोची खुर्ची ढकलते आहे. खडबडीत रस्त्यावर तिचा वेग ०.७ ते ०.८ च्या वर जात नाही. तेच अंतर १४ सेकंद. ब्रेक काढून फुटपाथवरून खाली यायला चार-पाच. आणि खरा खर्च पलीकडे असतो. समोर उतार नसेल तर खुर्ची मागे कलवून कडेवर चढवायला दहा सेकंद लागतात, आणि ते दहा सेकंद खुर्ची रस्त्यावर उभी असते. नऊ सेकंदांची ओलांडणी अशी तिसाच्या घरात जाते. सिग्नलच्या हिशोबात रस्त्याची रुंदी असते, कडा चढण्याचा वेळ नसतो.

मधला डिव्हायडरही मोजावा. खुर्चीची लांबी पावलं ठेवायच्या पट्ट्यांसकट १०५ ते ११० सेंटिमीटर, तिच्यामागे उभ्या माणसाला ५५-६० लागतात. म्हणजे जवळजवळ १.७ मीटर. डिव्हायडर याहून अरुंद असेल तर अर्ध्यात थांबू नये. एकतर पुढे पाय रस्त्यात जातात, नाहीतर मागे लेक रस्त्यात उभी राहते. आणि खुर्चीला जायला डिव्हायडरमध्ये ९० सेंटिमीटरची सपाट फट आहे का हेही पाहावं. झेब्रा रंगवलेला असतो आणि बरोबर मध्ये कठडा अखंड असतो, असं शहरभर दिसतं.

किंग्ज सर्कलच्या पुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. रुईयाच्या सिग्नलपासून माहेश्वरी उद्यानाच्या दिशेने जाणारी, नर्मदेच्या वळणांवर आखलेली त्यातली निळी पायवाट सुमारे सहाशे मीटर लांब आहे. खांबांमधली वाया गेलेली जागा इतकी छान वापरलेली क्वचितच दिसते. पण ते रस्त्याच्या मधोमध आहे, म्हणजे दोन्ही टोकांना अर्धी अर्धी ओलांडणी. फेरी मारायला म्हणून जायचं तर जरूर जावं. एल. एन. रोडला पर्याय म्हणून मात्र नाही.

आदल्या दिवशीची फेरी

लेकीने आदल्या दिवशी खुर्चीशिवाय एकटीने ही वाट चालून पाहायची. सोबत मेजर टेप, मोबाइलमधलं पातळी मोजायचं ॲप आणि ९० सेंटिमीटर लांबीची काठी. घरातल्या जुन्या झाडूचा दांडा कापला तरी चालतो. काठी आडवी धरून फुटपाथच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधून, झाड आणि भिंतीमधून, विजेच्या पेटीशेजारून न्यायची. काठी आडवी गेली तर खुर्ची जाते. आपल्याकडची साधी घडीची खुर्ची ६३ ते ६८ सेंटिमीटर रुंद असते. त्यात कोपरं आणि थोडं वाकडं जाणं धरलं की ९० लागतातच.

या खांबांची गोष्ट विचित्र आहे. दुचाकी फुटपाथवर चढू नयेत म्हणून ते लावले, आणि खुर्ची अडली. बरं, दुचाकी खुर्चीहून फार रुंद नसते, त्यामुळे तिला अडवणाऱ्या फटीत खुर्चीही अडते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हीलचेअर वापरणाऱ्या एका रहिवाशाच्या तक्रारीवरून याच खांबांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही प्रत्येक फुटपाथच्या दोन्ही तोंडांशी काठी लावून पाहण्याला पर्याय नाही. आत शिरता येतं आणि शंभर मीटरवर बाहेर पडता येत नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. मग तितकंच अंतर मागे यायचं.

ॲपवर तीन आकडे लक्षात ठेवायचे. ४.८ अंश म्हणजे बारास एक असा उतार (बारा सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर उंची), तो चांगला. ७ अंश म्हणजे आठास एक, मदतनीस असेल तर थोड्या लांबीपुरता चालतो. त्याहून उभा असेल तर त्याला उतार न मानता कडा मानावं आणि कडा चढवायची रीतच वापरावी. आडव्या कलाला मात्र एकच अंश. फुटपाथ रस्त्याकडे एका अंशाहून जास्त कलला की खुर्ची सारखी रस्त्याकडे ओढते. मग लेकीचा एक हात ढकलतो आणि दुसरा आवरतो. दोनशे मीटर असे गेले की मनगट बोलायला लागतं.

उतार उभे का होतात? दर वेळी कंत्राटदाराची हयगय हे कारण नसतं. कडा १५ सेंटिमीटर असेल तर बारास एकच्या हिशोबाने उतार १८० सेंटिमीटर लांब लागतो, आणि त्याच्या वरच्या टोकाला खुर्ची वळवायला सव्वा-दीड मीटर सपाट जागा. म्हणजे फुटपाथ तीन मीटरहून रुंद हवा. दोन मीटरच्या फुटपाथवर हे बसतच नाही, म्हणून उतार ६०-७० सेंटिमीटरमध्ये कोंबला जातो. अशा ठिकाणी बरोबर उपाय म्हणजे कोपऱ्यावर सगळा फुटपाथच रस्त्याच्या पातळीला उतरवणं, किंवा गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटपाथइतका वर उचलणं. दुसऱ्याने गाड्याही हळू होतात. त्यात भर म्हणजे मुंबईत रस्ते काँक्रीटचे होत आहेत. रस्त्याची पातळी बदलली की जुना उतार खाली दोन-तीन सेंटिमीटरची पायरी सोडून संपतो. दिसायला ती काहीच नाही. पण पुढची छोटी चाकं तिला अडतात, खुर्ची जागीच थबकते आणि बसलेलं माणूस पुढे झुकतं.

फुटपाथ की रस्त्याची कडा?

नियमाचं उत्तर फुटपाथ. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, २.२ मीटर मोकळी उंची आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेली कडा सांगितलेली आहे. जुन्या वसाहतींतल्या गल्ल्यांत हे उत्तर तसंच लावता येत नाही. प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी गाडी आत जावी म्हणून फुटपाथ कापलेला असतो. दर पंधरा-वीस मीटरला खाली, वर, खाली, वर. शिवाय जुन्या झाडांची मुळं पेव्हर ब्लॉक उचलतात. झाड तोडणं हा उपाय नाहीच. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून माती मोकळी ठेवणं आणि वाट थोडी वळवणं हा आहे. तोवर त्या जागी खुर्चीने जाण्यात अर्थ नाही.

म्हणून या वाटेवर निर्णय तुकड्यातुकड्याने घ्यायचा. हिंदू कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांत, गाड्या हळू असताना, रस्त्याच्या कडेने. एल. एन. रोडला लागलं की जिथे फुटपाथ निदान दोन फाटकांपुढेपर्यंत सलग आहे तिथे वर, नाहीतर खाली. वर-खाली करण्यात जितका धोका आहे तितका सरळ कडेने जाण्यात नाही. मात्र रस्त्याने जाताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशी उजवी बाजू धरायची. पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेला वळसा घालावा लागेल तिथे आधी थांबून मागे बघायचं, कारण गाडीआडून बाहेर पडणारी खुर्ची फारच खाली असते. रिक्षा इथे नाहीत, पण टॅक्सीवाल्याला आणि बसवाल्याला ती शेवटच्या क्षणी दिसते. पाठीमागे चमकणारी पट्टी चिकटवणं हा पन्नास-शंभर रुपयांचा खर्च टाळू नये.

रुईया नाक्याला वेळेचं गणित. कॉलेज भरताना आणि सुटताना इथे उभं राहायलाही जागा नसते. रविवारी सकाळी आठच्या आत निघालं तर तोच तुकडा मोकळा मिळतो आणि बाजारातली गर्दी वाढायच्या आत फुलंही घेऊन होतात. ढकलणाऱ्याचा वेग ताशी तीन किलोमीटर धरला तर नुसती वाट पंचवीस मिनिटांची. थांबे, कडा आणि ओळखीची माणसं धरून पाऊण तास ठेवावा. दादर-माटुंग्यात ओळखीचं माणूस भेटत नाही असं होत नाही.

कडा चढवताना आणि उतरवताना

चढताना खुर्ची कडेला सरळ काटकोनात आणायची. तिरकी आणली तर एकच चाक चढतं आणि खुर्ची कलंडते. “आई, पाय आत घे, मागे टेकून बस, हात मांडीवर” एवढं सांगून झाल्याशिवाय हात लावायचा नाही. खुर्चीच्या मागे खाली दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यातल्या एकीवर पाय दाबून दोन्ही मुठी खाली ओढल्या की पुढची चाकं उचलली जातात. ती फुटपाथवर टेकवायची. मग मागची मोठी चाकं कडेला लागेपर्यंत पुढे जायचं आणि मांडीने रेटा देत, मुठी वर उचलत चढवायचं. कंबरेतून उचललं की कंबर जाते. गुडघे वाकवून उचलायचं. १५ सेंटिमीटरपर्यंत एकटीला जमतं. त्यावर दुसरा माणूस हवा, आणि त्याने हाताच्या टेकूला धरायचं नाही. बऱ्याच खुर्च्यांत तो टेकू उचलून निघणारा असतो, भर ताकदीत हातात येतो. पुढच्या बाजूची पक्की नळी धरायची.

उतरताना उलटं. लेक आधी खाली, पाठमोरी, रस्ता रिकामा आहे हे बघून. मागची चाकं दोन्ही एकदम हळू खाली, पुढची चाकं थोडा वेळ हवेत, मागे सरकून मग खाली. तोंड पुढे करून उतरवणं हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात जास्त पाडणारा प्रकार आहे.

नाल्याच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला समांतर असतील तर पुढचं चाक त्यात अडकतं. जाळीवरून तिरकं जावं किंवा खुर्ची मागे कलवून ती पार करावी. तुटक्या झाकणालाही हीच रीत.

पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला

हीच वाट दृष्टिहीन माणसासाठी आखली तर बरंच उलटं होतं. खुर्चीला कडा नको असते, काठीला कडाच हवी असते. तिच्याच आधाराने फुटपाथ कुठे संपतो ते कळतं. उतार रस्त्याशी अगदी सपाट मिळवला की खुर्ची सुखाने जाते आणि काठीवाला नकळत रस्त्यात पोचतो. त्यासाठीच उताराच्या तोंडाशी पिवळ्या ठिपक्यांच्या फरशांची पट्टी हवी. लांब रेषांच्या फरशा ‘असंच पुढे चला’ सांगतात, ठिपक्यांच्या ‘थांबा’. या दोन्हींची अदलाबदल केलेली, किंवा रेषांची पट्टी थेट झाडाच्या बुंध्यावर नेऊन संपवलेली, अशी कामं पाहिली की वाटतं, पट्टी नसती तर बरं झालं असतं. काठीने चालणाऱ्याला एल. एन. रोडच्या फाटकांपेक्षा आंबेडकर रोडचा सरळ फुटपाथ सोपा जाऊ शकतो. एकच वाट सगळ्यांना सोयीची, असं गृहीत धरू नये.

पावसात

या वाटेच्या दक्षिणेला हिंदमाता, उत्तरेला गांधी मार्केट. पाणी तुंबल्याच्या दरवर्षीच्या बातम्यांतली ही दोन नावं, आणि आपण त्यांच्या मधे. तुंबलेल्या पाण्यातून खुर्ची न्यायची नाही, पाणी घोट्याइतकंच असलं तरीही नाही. खालचं झाकण जागेवर आहे की नाही ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातल्या एका नामांकित डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, तो पाण्यातून पायी घराकडे जाताना. पुढचं चाक अशा भोकात गेलं तर मागचा माणूस काहीही करू शकत नाही. शिवाय ओल्या चाकांवर ब्रेकची पकड कमी होते आणि ओल्या गुळगुळीत फरशांवर ढकलणाऱ्याचे पाय सरकतात. जूनमध्ये ही फेरी पुन्हा मोजावी. पावसाळ्याच्या तोंडावर खोदून बुजवलेले चर पहिल्या सरीत खचतात.

तक्रार कशी लिहावी

‘फुटपाथ खराब आहे’ असं लिहिलेली तक्रार फिरत राहते, कारण एकाच फुटपाथचे धनी अनेक. कडा, उतार आणि खांब पालिकेचे. हा भाग एफ-उत्तर विभागात येतो, फोन १९१६. विजेची पेटी आणि बसथांबा बेस्टचा. झाडाची मुळं उद्यान खात्याची. सिग्नलच्या सेकंदांसाठी वाहतूक पोलीस. म्हणून एका जागेची एक तक्रार, एक फोटो, आणि फोटोत टेप लावलेला. ‘अमुक इमारतीच्या फाटकासमोर दोन खांबांमध्ये ७२ सेंटिमीटर, ९० हवेत’ हे वाचणाऱ्याला काय करायचं ते लगेच कळतं. सोबत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा उल्लेख करावा. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात म्हटलं आहे, तेही एका ओळीत घालावं. कायद्याचा भाग त्याहून लांबवू नये. माप खाली, कायदा वर, असा अर्ज कोणी पूर्ण वाचत नाही.

परतताना

जाताना खुर्ची हलकी असते, येताना पिशव्या असतात. त्या सवयीने मागच्या मुठींना अडकवल्या जातात. चार-पाच किलो मागे लटकले की उतारावर चढताना पुढची चाकं आपोआप उचलली जातात, आणि बाई पिशवी घ्यायला उठल्या तर रिकामी खुर्ची मागे कलंडते. नारळ, केळी असं जड सामान सीटखालच्या जाळीत. फुलं आणि पानं बाईंच्या मांडीवर.